होडीतली ओल

आमच्या भिंगारच्या घरमालक काकांइतका काळजी करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. बहात्तरच्या दुष्काळात, विहिरींचे तळ दिसत असताना, बुडून मरण्याची धास्ती घेतलेले गावात ते एकटेच होते.

त्याला कारण त्यांची होडी. लष्करी भांडारातून कारकून म्हणून निवृत्त झालेले काका एकदा जुन्या सामानाच्या लिलावात पत्र्याची ट्रंक घ्यायला गेले. तिथे फायबरग्लासची शिडाची होडी होती. "यात पाणी शिरतं का?" हे विचारायला त्यांनी हात वर केला आणि लिलाववाल्याने तीच बोली धरली. नाही म्हणायची छाती झाली नाही, म्हणून होडी अंगणात आली. पोहता येत नव्हतं, तरी मुळा धरण भरलं की काकूंना फिरवून आणायचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

होडी बाहेरून धड, आतून पार कुजलेली. काकांनी सडलेलं प्लायवुड उपटलं, काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनच्या चिकट रसायनात भिजवून सांधा न् सांधा लिंपला, सागवानी दोन बाकं बसवली. लोणच्याच्या बरणीसाठी कठड्याची फळीसुद्धा ठोकली, लाटेने बरणी पडायला नको म्हणून. रोज सकाळी बाकाखाली हात घालून ते ओल चाचपत. "लागत नाही," ते सांगत, "पण विसंबून राहू नये." पहिल्या फेरीला मलाही न्यायचं ठरलं होतं, त्यामुळे हळूहळू मीही चाचपायला लागलो.

अशात आळीचा हौद फुटला. टँकरवाला म्हणाला, "वतू कुठं पानी? परवाच्याला टाकी न्हाई दिसली तर गाडी म्होरं जाईल. मलाबी लई गावं हायती." बायका हंडे घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. काका होडीकडे बघत होते. मग पेचकस घेऊन आत उतरले. दोन दिवसांत बाकं निघाली, फळी निघाली, पाण्याचं ओझं पेलायला होडीखाली विटांचे टेकू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, एवढं जिवापाड केलेलं." ते म्हणाले, "विटा पुरतील ना गं?"

टँकरचं पाणी होडीत भरल्यावर नवीच काळजी. रेझिनचा वास येत होता. काका स्वतः तांब्याभर प्यायले आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मी धड राहिलो तर भरा." कोणी थांबलं नाही, पण ते मात्र दिवसभर स्वतःची नाडी धरून बसले. दुसऱ्या दिवसापासून ते होडीखाली सरपटत जाऊन बाहेरून ओल चाचपू लागले. होडी थेंबभरही गळली नाही.

पुढे पाऊस झाला, धरण भरलं. मी म्हटलं, "काका, आता बाकं बसवा." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "आणि पुढच्या साली नाही पडला तर?"

होडी धरणावर कधी गेलीच नाही. काका गेल्यावर काकूंनी ती बाकं मला दिली. माझ्या ओसरीवर आहेत. काकांची फार आठवण येते. अजूनही बसताना माझा हात आपोआप बाकाखाली जातो, ओल लागते का बघायला.