डोहाळेजेवणाच्या फुलांचा गुलकंद

दोन हजार चार सालच्या मार्चमध्ये माझ्या बहिणीने आईच्या हातचा गुलकंद रोज खाल्ला. तिला तेव्हा आठवा महिना होता. ज्या गुलाबांचा तो गुलकंद होता ते खाण्यासाठी पिकवलेले नव्हते, हे घरात कोणाला माहीत नव्हते. ज्याला माहीत होते त्याला गुलकंद केल्याचा पत्ता नव्हता.

तो माझा आत्तेभाऊ. दिंडोरीकडे त्याची शेती आहे. नव्वदच्या दशकात त्याच्या शेताच्या बांधावर गावठी गुलाब होते. फिकट गुलाबी, पातळ पाकळीचे, दुपारपर्यंत मान टाकणारे. उन्हाळ्याच्या तोंडाला आत्या ती फुले ओल्या फडक्यात बांधून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि मी शहरातल्या सीबीएस बसस्थानकावर जाऊन पिशवी उतरवून घ्यायचो. आई काचेच्या बरणीत पाकळ्या आणि खडीसाखरेचे थर लावायची, तोंडाला मलमल बांधायची आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवायची. तीनेक आठवड्यांत गुलकंद तयार व्हायचा. घरात कोणाला उष्णतेचा त्रास झाला की हेच औषध होते.

दशक सरता सरता आत्तेभावाने फुलांसाठी प्लास्टिकच्या छपराचे पॉलिहाउस उभारले. जमीन सपाट करताना बांध गेला आणि त्याबरोबर गावठी गुलाबही गेले. नवी फुले लांब दांडीची, घट्ट कळीची, बिनवासाची. चांगला माल खोक्यांत भरून मुंबईला आणि तिथून विमानाने बाहेर जायचा. दांडी आखूड राहिली किंवा पाकळीवर ठिपका दिसला, तर तीच फुले आमच्या शहरात शालिमार चौकाजवळच्या फुलांच्या दुकानांत यायची. लोकांना ती आवडली. आठवडाभर सुकत नाहीत, असे जो तो कौतुकाने सांगायचा. ती का सुकत नाहीत, असे कोणी दुकानदाराला विचारल्याचे मी ऐकले नाही.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. बाहेरदेशीच्या खरेदीदारांनी आग्रह धरला म्हणून जिल्ह्यातल्या द्राक्षांत फवारणीचा अंश किती राहतो ते प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले होते. निफाड-दिंडोरीच्या त्या बातम्या माझ्या टेबलावरून जायच्या. फुलांबद्दल असा आग्रह कोणी धरला नव्हता. फूल कोणी खात नाही, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते.

फेब्रुवारीत बहीण पहिल्या बाळंतपणासाठी निफाडहून माहेरी आली. त्या महिन्याच्या मध्याला गुलाबाची मागणी एकदम चढते आणि दोन दिवसांत ओसरते. त्या वर्षी आत्तेभावाचा बराच माल मागे राहिला. त्यातली काही खोकी तो डोहाळेजेवणाला घेऊन आला. बायकांनी बहिणीला फुलांचा मुकुट घातला, बाजूबंद केले, कंबरपट्टा केला. उरलेल्या फुलांनी झोपाळ्याच्या साखळ्या मढवल्या. शेजारच्या काकूंनी आत्तेभावाला चिडवले, ही तर हॉलंडची फुलं म्हणे, मग बाळ मराठी बोलेल ना?

"हॉलंडला घेतली नायत म्हणून तर तुमच्याकडं आली, काकू," तो म्हणाला. "मराठीच बोलंल."

बायका हसल्या. निघताना एकीने त्याला बजावले की मुलगी झाली तर तिच्या लग्नाला मंडपभर लागतील, आतापासून लावून ठेव. तो संध्याकाळच्या आत दिंडोरीला परतला.

न उघडलेली दोन खोकी घरात राहिली. फूल वाया घालवणे आईला जमत नसे. देवाची वाळलेली फुलेसुद्धा ती कुंड्यांत जिरवायची. बांध गेल्यापासून घरात गुलकंद झाला नव्हता आणि लेक गरोदर होती. एवढी फुले फेकायची कशी, असे तिने मला विचारले, आणि मी काही बोलायच्या आत पाकळ्या खुडायला बसली. पाकळ्या जाड होत्या. तिने त्या परातीत घालून पाच-सहा वेळा धुतल्या. पाण्याला औषधासारखा वास येतो, असे बहीण म्हणाली. खोक्याच्या पुठ्ठ्याचा असेल, असे आईने ठरवले. वास येईनासा झाल्यावर तिने पाकळ्या पंच्यावर सुकवल्या. गुलकंद नेहमीपेक्षा काळपट झाला आणि त्याला गुलाबाचा वास नव्हता, म्हणून तिने वेलदोड्याची पूड जास्त घातली. बहीण तो सकाळी दुधाबरोबर खायची. जळजळ कमी झाली, असे तिने सांगितल्यावर आईने चमचा मोठा केला.

पाडव्याला आत्तेभाऊ भेटायला आला. आईने त्याच्यापुढे वाटीत गुलकंद ठेवला. त्याने चमचा उचलला आणि रंगाकडे पाहिले.

"मामी, गुलाब कुठले?"

"कुठले म्हणजे? तूच नाही का आणलेस?"

त्याने चमचा खाली ठेवला. हा कोण कोण खातं, असे त्याने विचारले. आईने आतल्या खोलीकडे मान वळवली. मग तो सावकाश म्हणाला, "मामी, ही फुलं खायाची नसत्यात. ही निस्ती बघायची."

आईला ते पटेना. इतक्या पाण्यांनी धुतल्याचे तिने सांगितले. धुऊन जाणारे औषध वेगळे आणि झाडात उतरणारे वेगळे, असे तो म्हणाला. काढणीच्या आदल्या दिवसापर्यंत फवारणी चालते. द्राक्षाला थांबायचे दिवस ठरवून दिलेत, फुलाला असे काही नाही. फवारताना तो स्वतः तोंडावर मास्क आणि हातात रबरी मोजे घालायचा. एवढे त्याने सांगितले तेव्हा बहीण दारात येऊन उभी होती.

"मी रोज खात होते," ती म्हणाली. "आता?"

आपल्याला ठाऊक नाही, एवढेच तो म्हणाला. आईने वाटी उचलली आणि मोरीत जाऊन घासत बसली.

दुसऱ्या दिवशी आई, बहीण आणि आत्तेभाऊ डॉक्टरीणबाईंकडे गेले. आत्तेभावाने फवारणीच्या औषधांची रिकामी पाकिटे बरोबर नेली होती. बाईंनी ती वाचली, सोनोग्राफी केली, वाढ ठीक आहे, गुलकंद बंद करा, असे सांगितले. बहिणीने विचारले, काही होणार नाही ना? आज दिसते ते ठीक आहे, असे बाई म्हणाल्या. बहिणीने हे वाक्य पुढे किती वेळा बोलून दाखवले याची गणती नाही. त्यातला "आज" हा शब्द ती दर वेळी वेगळा काढून म्हणायची.

उरलेली बरणी घेऊन मी एका ओळखीच्या रसायनतज्ज्ञाकडे गेलो. तो द्राक्षे तपासायचा. आकडा काढता येईल, असे तो म्हणाला, पण द्राक्षाची मर्यादा ठरलेली आहे, गुलाबाच्या पाकळीची नाही. "आकडा देईन. जास्त की कमी, ते कशाशी ताडून सांगू?" मी बरणी परत आणली. पुढच्या खेपेला आत्तेभाऊ ती घेऊन गेला.

एप्रिल संपताना बहिणीला मुलगी झाली. वजन चांगले होते, रंगरूपात काही कमी नव्हते. बाळंतपणाच्या दिवशी आत्तेभाऊ सकाळपासून दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होता, आणि मुलगी ठीक असल्याचे कळल्यावर तिला न बघताच गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आला, पण फुले घेऊन कधी आला नाही.

मुलगी वाढत गेली. तिच्या अंगावर पुरळ उठले की निफाडहून फोन यायचा. दात उशिरा आले तेव्हा आला, चालायला उशीर झाला तेव्हाही आला. बहीण आईवर कधी रागावली नाही. ती फक्त विचारायची, धुताना पाण्याला वास किती वेळ येत होता? आई आठवून आठवून उत्तर द्यायची आणि तिचे उत्तर दर वेळी थोडे निराळे असायचे. डॉक्टरांना मुलीत कधी काही सापडले नाही. गुलकंदामुळे काही झाले, हे सिद्ध झाले नाही. काही झाले नाही, हेही सिद्ध झाले नाही.

आईने लेकीकडे लोणची, पापड, मेतकूट पाठवणे हळूहळू बंद केले. कोणी तिला नको म्हटले नव्हते. शालिमारजवळची दुकाने तोवर दुपटीने वाढली होती. ओळीत सगळीकडे तेच लांब दांडीचे गुलाब असायचे आणि कोणत्याही खोक्यावर त्यांना काय मारले आहे ते छापलेले नसे.

चार वर्षांनी बहिणीचे दुसरे बाळंतपण झाले. ते निफाडला, सासरीच झाले. बारशाला मी आईला घेऊन गेलो. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करण्याचा विषय घरात निघाला नाही. आईने दुकानातून खजुराचे सीलबंद पाकीट घेतले होते. बहिणीने ते हातात घेतले, उलटे केले, मागचा छापील मजकूर शेवटपर्यंत वाचला आणि मग पाकीट फोडले.