तोंड गुणवंतचं, आवाज दुसऱ्याचा

कॅनडात, टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या आपल्या बिल्डिंगमध्ये गुणवंत मेश्रामला सगळे 'टीव्हीवाले अंकल' म्हणतात. टोरांटोत अमेरिकन मालिकांचं शूटिंग सतत चालू असतं. रस्त्यावर शिकागोच्या पाट्या लावल्या की झालं शिकागो. अशा शिकागोत गुणवंतने टॅक्सी चालवली, दुकानाच्या काउंटरमागे उभा राहिला, एकदा तर गोळी लागून मेलाही.

नागपुरात, इंदोऱ्यात, चौदा एप्रिलच्या नाटकात त्याचा आवाज माइकशिवाय मंडपाच्या टोकापर्यंत जायचा. इथे तो सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करतो आणि सगळ्या सुट्ट्या ऑडिशनमध्ये घालवतो. बायको जया दर उन्हाळ्यात विचारते, "फिरायला कधी जायचं हो?" तो म्हणतो, "पुढच्या वर्षी."

मागच्या वर्षी मात्र खरी भूमिका मिळाली. केमिस्ट्रीचा विधुर शिक्षक, मुलगी बेपत्ता झालेली. समोर मालिकेचा नायक, लॉस एंजेलिसचा मोठा नट. पोलीस स्टेशनातल्या प्रसंगात गुणवंत ओरडला नाही, रडला नाही. अगदी खालच्या सुरात म्हणाला, "शी नेव्हर फरगेट्स हर की." कट झाल्यावर नायकाने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या रात्री गुणवंतला जेवण गेलं नाही, इतका आनंद.

काही महिन्यांनी एजंट शेरिलचा फोन आला. त्या प्रसंगाचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा होता. स्टुडिओत काचेपलीकडून एक तरुण बाई गोड आवाजात म्हणाली, "थोडं जास्त इंडियन करता येईल का?"

"मी इंडियनच आहे," गुणवंत म्हणाला. "अजून किती होऊ?"

ती हसली. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच, आपल्याच आवाजात. "परफेक्ट," ती म्हणाली आणि त्याला घरी पाठवलं.

एपिसोड लागला त्या दिवशी आंबेडकर असोसिएशनची मंडळी घरी जमली होती. जयाने सावजी रस्सा केला होता. पडदाभर गुणवंतचा चेहरा आला, ओठ हलले, आणि कुणीतरी भलताच माणूस नाकातून, हेल काढत, विनोदी सिनेमातल्यासारखा बोलायला लागला. मुलगी बेपत्ता झाल्याचं दुःख त्या हेलात पार वाहून गेलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"बाबा, दॅट्स नॉट यू," कोमल म्हणाली. ती सोळा वर्षांची आहे, जन्म इथलाच.

नागपूरहून मोठ्या भावाचा, योगेशचा फोन आला. "अबे, चेहरा तुझा अन् आवाज कोणाचा होय?" गुणवंतने "टेक्निकल लोचा" म्हणून फोन ठेवला.

शेरिलने करारातलं कलम वाचून दाखवलं. आवाज बदलायचा त्यांना हक्क होता. कलाकारांच्या युनियनमध्येही कलम तेच निघालं, फक्त वाचणारा माणूस जास्त सहानुभूतीने वाचत होता.

खरा वैताग पुढेच होता. तो प्रसंग लोकांना आवडला. शेरिलकडे धडाधड फोन यायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा गुणवंतला कुणीतरी आपणहून बोलावत होतं. पण सगळ्यांना हवा होता तो आवाज.

"जा ना," जया म्हणाली. "एवढी वर्षं याचीच तर वाट पाहिली तुम्ही."

"माझी नक्कल करणाऱ्याची नक्कल करू मी?"

"मग नका जाऊ."

तो गेला. बस रखडली, बर्फाचा चिखल तुडवत तो कसाबसा पोचला. कास्टिंगवाल्या माणसाने उठून हात मिळवला, "आम्ही तुमचे फॅन आहोत," म्हणाला. गुणवंतने संवाद म्हटला.

"छान. आता तुमच्या नेहमीच्या आवाजात?"

"हाच माझा नेहमीचा आवाज."

त्या माणसाने कागद खालीवर केले. मग अत्यंत नम्रपणे म्हणाला, "जसा त्या एपिसोडमध्ये होता, तसा."

गुणवंतने घसा साफ केला. तोंड उघडलं. नाकातला तो हेल जिभेवर आला होता, त्याला जमलाही असता, नट होता तो. पण मागे इंदोऱ्याचा मंडप उभा राहिला की काय कोण जाणे, त्याने तोंड मिटलं, कोट उचलला आणि निघाला.

बसमधून त्याने जयाला फोन केला. "भूमिका गेली."

"बरं," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटतंय का आता?"

"अजिबात नाही," गुणवंत चिडून म्हणाला. "शेरिलने मंगळवारचं अजून एक ठरवलंय. टॅक्सीवाला."

"जाणार?"

 "मंगळवारच्या सुट्टीचा अर्ज टाकलाय," तो म्हणाला.