ओमुरझाक शांतपणे आला

आमच्या नारीन नदीकडच्या डोंगरी गावात 'शांतपणे' हा शब्द जपून वापरतात. आई पोराला 'गुपचूप जेव' म्हणेल, 'शांतपणे जेव' म्हणणार नाही. शब्द तसा गुणी, पण ओमुरझाकनं तो नासवला.

ओमुरझाक मेंढपाळ. एरवी महातोंडाळ माणूस. फाटकात शिरतानाच कुत्र्याला, घोड्याला आणि बायकोला एका दमात शिव्या घालणारा. पण कुणाचं माणूस परगावी वारलं की घरच्यांना सांगायला गाव त्यालाच पाठवी. आमच्यात अशी बातमी दारातून ओरडून देत नाहीत. आत जाऊन बसायचं, नानचा तुकडा मोडायचा, चहा घ्यायचा आणि मग आडवळणानं, समोरच्याला श्वास घेऊ देत सांगायचं. मी एकदा विचारलं, "तुला कसं रे जमतं हे?"

"माझं कोण मेलंय?" तो म्हणाला. "दुसऱ्याच्या दुःखात शांत राहायला काय लागतं?"

उत्तर उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. 'ओमुरझाक शांतपणे येतोय' असं कानावर आलं की रस्त्यावरची प्रत्येक बाई मनात म्हणे, पुढच्या घरी जाऊ दे.

त्या वर्षी बर्फ पडायच्या आधी त्याचा एकुलता एक मुलगा तालाय रशियात बांधकामावरून पडून वारला. फोन माझ्याकडे आला. मी ओमुरझाकला गोठ्यामागे गाठून सांगितलं. तो खाली बसला आणि बराच वेळ गवत उपटत राहिला. त्याची बायको, बुरुलचा तिचं नाव, काळजानं दुबळी. एकदम कळलं तर तीही हातची जाईल, अशी सगळ्यांना धास्ती होती. म्हातारे म्हणाले, "तिला आम्ही सांगतो."

"नको. गावभर मी सांगितलं, माझ्याच घरी दुसरा कशाला?"

मी बरोबर गेलो. त्यानं ओढ्यावर तोंड धुतलं, टोपी नीट केली. फाटक हळूच उघडलं. कुत्रं पायात आलं, तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. या घरात तो असा कधी शिरलाच नव्हता, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बुरुलचा पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"आज कुत्र्याला शिवी नाही?"

तो बसला. नानचा तुकडा मोडला. "चहा दे," हलक्या आवाजात म्हणाला.

ती उठली नाही. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"आधी मला एक शिवी द्या," ती म्हणाली. "मग चहा देते."

ओमुरझाकनं तोंड उघडलं. त्याला एकही शिवी आठवली नाही.