इंग्रजीत बोललं की टोचत नाही

दयानंदला चार भाषा येत, आणि त्याचा त्याला भारी तोरा. निपाणीकडचा गडी, बेंगळुरात पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर. कामगारांना दटावायचं कन्नडात, ट्रकवाल्याशी भांडायचं हिंदीत, मालकाशी बोलायचं इंग्रजीत. मराठी फक्त घरी, आईशी आणि देवाशी. म्हणजे जिथं खोटं पचत नाही तिथं!

ऑर्डर तुंबली होती. प्रेस मशीनच्या तोंडावरची, हात वाचवणारी जाळी सारखी आडवी येई, काम रेंगाळे. "यल्लव्वा, जरा जाळी काढून ठेव, नंतर लाव," दयानंद कन्नडात म्हणाला. प्रेस चालवणारी यल्लव्वा त्याच्याच गावाकडची, घरात मराठी बोलणारी. पण कारखान्यात तो तिच्याशीही कन्नडच बोले. तिनं जाळी काढली, आणि त्याच दिवशी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनखाली गेली.

मालकानं विचारलं तेव्हा दयानंद म्हणाला, "ऑपरेटर नेग्लिजन्स, सर. शी रिमूव्ह्ड द गार्ड." काय सोपं गेलं! 'तिचाच निष्काळजीपणा, जाळी तिनंच काढली,' असं मराठीत म्हणायची पाळी येती, तर मेल्याची जीभ टाळ्याला चिकटली असती. इंग्रजीत कसं, हातमोजे घातल्यासारखं. बोटाला काही लागत नाही. यल्लव्वाला कामावरून काढायचं ठरलं.

रविवारी तो शहाळी घेऊन तिच्या खोलीवर गेला. जायचं काय अडलं होतं? पण मन खात होतं. ती बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. घरच्या मराठीत तिनं विचारलं, "अण्णा, माझंच चुकलं म्हणत्यात. मला तर आठवतंय, तुमी सांगितलासा. का माझंच डोकं फिरलंय?"

आता बोल की लेका! तिनं आईच्या भाषेत विचारलं होतं, उत्तरही त्याच भाषेत द्यायला हवं होतं. "मीच सांगितलं, यल्लव्वा. मीच काढायला लावली," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. आपण हिचा हात खाल्ला आणि वर हिची भाकरीही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा धडधडीत दिसलं.

यल्लव्वा रडली नाही. "मग डोकं ठिकाणावर हाय माझं," ती म्हणाली. "उद्या मी येते. मालकाम्होरं एवढंच बोला."

दुसऱ्या दिवशी ती आली. मालक म्हणाला, "येस, दयानंद?" यल्लव्वानं मान वर करून दयानंदकडं पाहिलं. त्याला खरंच बोलायचं होतं हो, देवाशप्पथ!

"ॲक्चुअली, सर..." त्यानं सुरुवात केली, आणि पुढचं झरझर येत गेलं. शी इज कन्फ्यूज्ड. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, काही मनावर घेऊ नका, असा सगळा अर्थ. यल्लव्वाला त्यातलं अक्षर कळलं नाही. मालकानं मान डोलावली तेवढी तिला दिसली.

बाहेर आल्यावर तिनं डोळ्यांना पदर लावला. "लई उपकार झालं, अण्णा," ती म्हणाली. "खरं बोललासा."