दुसरं झाकण

"उतर रे खाली. मुलांना दाखव," सर म्हणाले.

परळला कॉलेजच्या मागच्या गल्लीत गटाराचं एक झाकण उघडलेलं. भोवती नाकाला रुमाल लावलेली पंधरा-वीस पोरं. शहर-सफाईच्या नव्या डिप्लोमाची पहिली तुकडी. आणि मी, म्युनिसिपालिटीचा गटार कामगार, त्यांचं प्रात्यक्षिक.

हा अभ्यासक्रम आला कुणाच्या डोक्यातून? महिनाभर कामावरून सुटलो की मी सरांकडे जात होतो. ते खुर्चीत, मी दारात उभा. गाळ कसा काढायचा, कचरा कुठं न्यायचा, विषारी वायू कसा ओळखायचा, मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मीही रात्रशाळेतून मॅट्रिक झालो होतो. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरला. सरांनी तो दोन बोटांत धरून परत केला.

"अरे, तू वर्गात बसलास तर बाकीची मुलं बसतील का?"

सरांच्या कोटावर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला. मुंबई मराठी माणसाची म्हणे! मोर्च्यात घोषणा द्यायला मी चालत होतो, बाकावर नाही.

तो अपमान मी गिळला. पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी एकच झाकण उघडलेलं पाहिलं आणि डोकं फिरलं. आम्ही मागचं आणि पुढचं, दोन्ही झाकणं उघडतो. तासभर हवा खेळू देतो. मग दोरीला जाळीचा दिवा बांधून आत सोडतो. विझला, तर कुणी उतरत नाही. माझ्या बापाला एकाच झाकणावर उतरवलं होतं, साहेबाला घाई होती म्हणून. वर काढलं ते मढं. हे सरांना सांगताना मी रडलो होतो.

"सर, दुसरं झाकण?"

"तो भाग गाळला. फार पाल्हाळ होता. उतर तू."

माझ्या बापाचं मरण, पाल्हाळ!

"तुम्ही लिहिलंय ना? मग तुम्हीच उतरा."

"माजलास काय रे? तुझ्या साहेबाला कळवतो."

"कळवा."

पोरांकडे वळून म्हणालो, "वहीत लिहा. दोन झाकणं." एकानं लिहिलं. बाकीचे सरांच्या तोंडाकडे बघत राहिले.

खिशात तो अर्ज होताच, घामानं चुरगळलेला. तसाच पुढच्या दारानं कचेरीत शिरलो. कारकुनाच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि म्हणालो, "परत केलात तर उद्या पुन्हा आणीन. आणि मी वर्गात बसेपर्यंत आमच्या चाळीतला एकही माणूस तुमच्यासाठी गटारात उतरणार नाही. हे लिहून घ्या. हे गाळू नका."