सुतकातला ढग

बरणीत ढग करायला गरम पाणी लागतं, बर्फ लागतो आणि थोडी घाण लागते. घाण म्हणजे धूर, धूळ, काहीही. नुसती वाफ कितीही गार केली तरी ती काचेला चिकटून ओघळते. हवेतल्या हवेत थेंब व्हायला तिला धरायला एखादा कण हवा असतो. हे मला सासरे गेले तेव्हाही माहीत होतं. बीएस्सी झालेली बाई आहे मी, कांदे चिरता चिरता सगळं विसरले असा घरच्यांचा समज असला तरी.

सासऱ्यांचा सातवा दिवस होता. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शेंद्र्याहून आलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. देव बंद होते, आणि मोठ्या नणंदेनं अगरबत्तीचे पुडे उचलून माळ्यावर टाकले होते. मी सकाळपासून बिनफोडणीची भाजी आणि भाकऱ्या करत होते. दीर मात्र मधूनमधून गच्चीवर जाऊन सिगारेट ओढून येत होता. तिला सुतक नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात ढगाचा प्रयोग करून दाखवायचा होता. तिला सहसा कोणी पुढे बोलवत नसे. उत्तर येत असलं तरी तोंडातून फुटायचं नाही. या वेळी तिनं आपणहून हात वर केला होता. पुस्तकात लिहिलं होतं, अगरबत्तीचा धूर सोडा. सुतकात अगरबत्ती चालत नाही म्हटल्यावर तिनं तेवढी ओळ गाळली आणि बाकीचं सगळं मन लावून केलं. मुरंब्याची काचेची बरणी, तळाशी कढत पाणी, तोंडावर बर्फाची ताटली, मागे काळा कागद. काचेला घाम फुटला. ढग काही झाला नाही.

"आई, ढग का होत नाही?"

मी भाकरी थापत होते. काड्यापेटी माझ्या कोपराशी होती. एक काडी पेटवून, विझवून आत टाकली असती तरी काम झालं असतं. धूर तो धूर, त्याला कुठलं आलंय सोवळं-ओवळं!

मी म्हणाले, "परत कर."

का नाही सांगितलं? त्याच सकाळी भेटायला आलेल्या बायकांसमोर नणंदेनं तिला जवळ घेऊन विचारलं होतं, "तुझी आई आजोबाला काय म्हणायची गं?" आणि माझी पोरगी म्हणाली होती, "ओरडायची. गादी ओली झाली की म्हणायची, सुटा आता एकदाचे." खरं होतं ते. दोन वर्षं मी त्या माणसाचं हागणं-मुतणं काढलं हेही खरं होतं, पण ते तिला कोणी विचारलं नव्हतं. नणंद बायकांकडे बघत म्हणाली, "लेकरू खोटं बोलत नाय, बाई."

तेव्हापासून माझं डोकं भणभणत होतं. नणंदेवर राग काढायची माझी हिंमत नव्हती. पोरीवर होती.

तिनं परत केलं. मग तिसऱ्यांदा. नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते, म्हणून दर वेळी ती तेच पाणी पातेल्यात ओतून माझ्यासमोर धरायची, आणि मी काडी ओढून गॅस पेटवून ते तापवून द्यायचे. आमचा बर्फ संपला तेव्हा ती शेजारी जाऊन मागून आली.

"आई, माझं काय चुकतंय?"

"तुझ्या हाताला यशच नाही," मी म्हणाले. "उद्या बाईंना सांग, मला जमत नाही म्हणून."

हे मी निवडून बोलले. लग्नानंतर माझी पहिली पुरणपोळी फुटली तेव्हा सासूनं मला हेच ऐकवलं होतं. ते कुठं जाऊन लागतं, मला पक्कं ठाऊक होतं.

ती रडली नाही. बरणी पुसायला लागली. दारात उभी राहून नणंद सगळं ऐकत होती.

"दे सोडून, बाळा. आईवर गेलीस तू. लई शिकली म्हनं, तिला तरी काय जमलं?"

बाहेर दोन बायका हसल्या.

पोरीची दया येऊन मी उठले असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी उठले ती नणंदेला दाखवायला. पाणी परत तापवलं, आणि बरणी, पाणी, बर्फ, सगळं उचलून बायकांच्या मधोमध नेऊन मांडलं. काडी पेटवली, फुंकली, आत टाकली, वर ताटली ठेवली. बघता बघता बरणीत पांढराशुभ्र ढग फिरायला लागला. "आयला, खरंच की!" दीर म्हणाला. नणंदेचं तोंड एवढंसं झालं. मला इतका आनंद झाला की मी हसत हसत पोरीकडे वळले.

ती बरणीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"तुला आधीच माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. एवढ्या माणसांत खोटं बोलायला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बरणी न घेताच शाळेत गेली. दुपारी बाईंचा फोन आला: हात वर केला तेव्हा इतकी उत्साहात होती, आज म्हणते मला जमत नाही, घरी काही झालंय का? मी म्हणाले, सुतक आहे.

आता ती नववीत आहे. विज्ञानात काही अडलं की वडिलांना विचारते. ते वाळूजच्या कंपनीत स्टोअर सांभाळतात, विज्ञानातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. तिला ते माहीत आहे. तरी ते कामावरून येईपर्यंत ती वही उघडी ठेवून बसून राहते, आणि मी स्वयंपाकघरात असते.