खळ्यावरचं गोल्फ

फोन आला तेव्हा मी उमापूरला, अक्काच्या खोलीत, तिचे धुतलेले कपडे पिशवीत भरत होतो. संभाजीनगरच्या दवाखान्यात माझ्या मुलाला तिच्याजवळ बसवून मी तेवढ्यासाठीच गावी आलो होतो. "पप्पा, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला... आणि मी पुढचा गाऊन नीट घडी घालून पिशवीत ठेवला. कुणासाठी, हे माझं मलाच कळत नव्हतं. जलदान विधीला आलेली माणसं तिच्या नोकरीबद्दल, शिस्तीबद्दल, तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्स पोरींबद्दल भरभरून बोलली. तिच्या गोल्फबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ते माझ्याकडेच राहिलं, म्हणून हे लिहायला बसलो.

अक्का माझी थोरली बहीण. लष्करी दवाखान्यात परिचारिका होती आणि सगळी नोकरी छावण्यांमधून झाली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. निवृत्त होऊन गावी परतली तेव्हा टेम्पोतून एक लांबलचक पिशवी उतरली. शेजारचे दामूअण्णा माझ्या कानाशी लागले, "मास्तर, अक्कानं बंदुका आणल्यात का काय?" पिशवीत गोल्फच्या काठ्या होत्या.

मी शाळेत खेळाचा मास्तर होतो, हाडाचा कबड्डीवाला. गोल्फ म्हणजे दमायचं नसलेल्या माणसांनी उभ्या उभ्या खेळायच्या गोट्या, असं माझं मत होतं आणि ते मी तिच्या तोंडावर बोलून दाखवलं. "मंग मारून दाखव की," ती म्हणाली. मी काठी अशी काही फिरवली की ढेकूळ बांधापलीकडे गेलं आणि चेंडू जागच्या जागी राहिला. अक्का डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि त्या हसण्यापायी मी त्या खेळात अडकलो.

आमच्या माळाला जुनं खळं आहे. मळणीयंत्र आल्यापासून ते ओसच होतं. अक्कानं ते पुन्हा चोपून, शेणानं सारवून घेतलं. पूर्वी बैल जिच्याभोवती फिरायचे त्या मेढीचा खड्डा मधोमध होताच, त्यात तिनं पत्र्याचा डबा बसवला. झालं आमचं मैदान! लांबून चेंडू मारत यायचं आणि खळ्यावर आला की हलक्या हातानं डब्यात ढकलायचा. खळ्यात धान्य येतं, तिथं पायताण घालून जायचं नाही, हे आमचं लहानपणापासूनचं वळण. दोघंही चपला काठावर काढून आत जायचो आणि त्यात काही वेगळं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

हळूहळू माझा चेंडू बरा उडायला लागला आणि मला घाई झाली. तिच्या जुन्या छावणीतलं अठरा होलचं पूर्ण मैदान मला खेळायचं होतं.

"अक्का, आता कधी जायचं?"

"आजून न्हाई."

"कावून? काल बाभळीपार गेलता की चेंडू!"

"लांब गेला म्हंजी तयार झालास व्हय? चुकला की काठी आपटतोस. झुडपातला फटका मोजत न्हाईस. आन् एकेका चेंडूपाशी असा रेंगाळतोस, मागच्यांनी काय चूल मांडायची का तिथं?"

मी फुगून बसायचो. साठीला टेकलेला माणूस! बायको म्हणायची, "तुमी दोघं बहीणभाऊ विटीदांडूवरनं भांडायचं कवा सोडणार?" आम्ही असे भांडत होतो त्याच काळात अक्काचं दुखणं सुरू झालं होतं. फार दिवस चालता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं. हे मला नंतर कळलं. धाकट्या भावाबरोबर एकदा तरी ते मैदान चालावं ही तिची फार इच्छा होती, हेही नंतरच कळलं. तरी बाईनं मला एका फटक्याची सूट दिली नाही.

एका सकाळी माझे लागोपाठ चेंडू वाया गेले. का कोण जाणे, मी काठी न आपटता पुढं चालत राहिलो. डबा गाठल्यावर तिनं विचारलं, "किती झाले?" मी खरा आकडा सांगितला. सांगताना मान खाली गेली. "बरं," ती म्हणाली, "आता जाऊ."

छावणीतलं ते गवत पाहून मी खुळावलोच. होलभोवतीचं तर न्हाव्यानं बारीक मशीन फिरवल्यासारखं होतं. पहिल्याच होलपाशी मी काठावर बसलो, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि अनवाणी आत गेलो. मागची मंडळी थांबून बघायला लागली. "आरं, बूट घाल! खळं हाय का हे?" अक्का ओरडली. मग तिची नजर स्वतःच्या पायांकडं गेली. तिनंही एका बुटाची लेस सोडलेली होती. इतकी वर्षं त्या मैदानावर खेळलेली बाई, पण उमापूरच्या खळ्यानं तिलाही बिघडवलं होतं.

अर्ध्यावर ती दमली. झाडाखालच्या बाकावर बसली आणि तिचा चेहरा पाहून मी काठ्या पिशवीत भरायला लागलो. "जाऊ दे अक्का, घरी जाऊ."

"मी हाय हितं बसलेली. तू कशाला थांबतोस? मागं मानसं खोळंबलीत. जा."

मी गेलो. गोल्फला मनातल्या मनात शिव्या घालत, डोळे पुसत, एकेक होल खेळत गेलो. परत आलो तेव्हा ती त्याच बाकावर होती.

"समदे मोजलेस?"

"समदे. झुडपातले बी."

"मंग झालास तयार."

"आता? समदं खेळून झाल्यावर?"

"माझ्याबिगर खेळलास न्हवं?" ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली माझ्यापुढं केली.

हल्ली सकाळी मी एकटाच माळावर जातो. जोडीदार फटका मारत असला की आपण हलायचं नाही, बोलायचं नाही, आपली सावलीसुद्धा त्याच्या चेंडूवर पडू द्यायची नाही, असा या खेळाचा रिवाज आहे. माझा चेंडू मारून झाला की मी दोन पावलं बाजूला सरकतो आणि गप्प उभा राहतो. माळावर मागं कुणी खोळंबलेलं नसतं... तिचा फटका मारून होईल एवढा वेळ जाऊ देतो, आणि मगच चालायला लागतो.